औषधाची पावली

एडना : डालगं उचलू नको, सहदेव! हात जोडते. त्यात खुडूक कोंबडी बसलीय अंड्यांवर.

सहदेव : एडनाबाय, माका काय हौस आसा? साहेब नाक्यावर जीपमध्ये बसलाय. सगळ्या घेऊन ये म्हणाला.

एडना : घरच्यापुरत्या ठेवायला चालतात, तूच सांगितलंस ना मागे?

सहदेव : ठेवायला चालतात. विकायला परवाना लागतो. काल विकताना सापडलीस, आता सगळा धंद्याचा माल झाला.

एडना : परवान्याला गेले नव्हते काय मी? खुराडं घरापासून लांब हवं म्हणतात. आमच्या गावठाणात भिंतीला भिंत. लांब म्हणजे कुठं बांधू, विहिरीत?

सहदेव : ता खरा. पण मी म्युनिसिपालटीचा शिपाई माणूस, पकड म्हटलं की पकडायचं. मला एक सांग, तू एवढी सावध बाई. चाळीतल्या बायकांना पण पदराखालून देतेस. मग अनोळखी माणसाला अंडी विकलीसच कशी?

एडना : विकली नाय रे! तो म्हणाला, पोरगा आजारी आहे, डॉक्टरनं अंडी सांगितलीत. आत नवरा खोकत होता. माझं काळीजच हललं. चार अंडी काढून दिली, पैसे नको म्हटलं.

सहदेव : मग?

एडना : मग म्हटलं, पावली तेवढी ठेव. औषधाचं फुकट घेऊ नये, लागू पडत नाय. पोराला गुण यायला हवा ना!

सहदेव : अरे देवा! तो आमचा साहेबच गो. तीच पावली त्यानं पंचनाम्याला लावलीय.

एडना : पोरगा तरी आहे काय रे त्याला?

सहदेव : साहेब अजून बिनलग्नाचा, गो.

एडना : मेल्यानं आजाराचं खोटं सांगितलं! जीभ कशी झडली नाय त्याची?

व्हिक्टर : (आतून, खोकत) एडना, भांडू नको. नेऊ दे त्यांना.

एडना : तू गप पड! नेऊ दे म्हणे. क्षयानं नुसता सापळा झाला होतास, या अंड्यांवर उठून बसलास. चार विकते तेव्हा तुझं दूध येतं. उद्यापासून काय देऊ, पेज? सहदेव, एक ठेव रे. एकच. कोण मोजतंय?

सहदेव : साहेब मोजतोय. काल आकडा लिहून गेलाय. एक कमी भरली तर माझी नोकरी जाईल.

एडना : तुझ्या जानकीच्या बाळंतपणात रोज अंडं पाठवलं मी. तेव्हा कुठं होता तुझा नियम?

सहदेव : विसरलो नाय. म्हणून तर तुझ्याकडे बघवत नाय मला. बाजूला हो, बाय. साहेब हॉर्न वाजवतोय.

एडना : ने. ने सगळ्या. पाय घट्ट बांधू नको, एवढं तरी कर.

सहदेव : हे बघ, खुराड्यात दोन ताजी अंडी आहेत. पंचनाम्यात अंडी लिहिलेली नाय. व्हिक्टरला उकडून दे.

एडना : कोंबड्या तुमच्या झाल्या, मग अंडी पण तुमचीच.

सहदेव : घे गो. कोणी बघत नाय.

एडना : दे. थांब, जाऊ नको... ही पावली धर.

सहदेव : येडी काय तू? तुझीच अंडी, आणि मी पैसे घेऊ?

एडना : धर रे. व्हिक्टरचं औषध आहे ते.