डेलबर्टची बंदूक आणि माझं कोपर

…आणि घरी आल्यावर मलाच विचारतो, "अर्लीन, तू एवढी का दमलीस? शिकार तर मी केली." आता काय बोलायचं अशा माणसाशी? तुम्हाला सांगते, अडतीस वर्षांच्या संसारात मी डेलबर्टचं पुष्कळ ऐकून घेतलं, पण हे वाक्य काही घशाखाली उतरेना. केली ना शिकार, कोण नाही म्हणतंय? पण मोंटानाहून आफ्रिकेला आणि आफ्रिकेहून परत मोंटानाला ती शवपेटीएवढी लांब पेटी ओढली कोणी? विमानतळावर येणारे-जाणारे बघताहेत, लहान मुलं आईला विचारताहेत की या आजीने पेटीत कोणाला ठेवलंय, आणि हा पुढे हात हलवत चाललाय! बंदूक त्याची आणि वरात माझी!

तुम्ही कॉफी घ्या, गार होईल. मी सांगते.

आता आपल्या गावात नवऱ्याकडे बंदूक असण्याचं काय कौतुक? ज्याच्या गाडीत बंदूक नाही त्याला लोक विचारतात, तब्येत बरी आहे ना? मी शाळेच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढली, हरणांचा हंगाम उघडला की निम्मी मुलं गैरहजर आणि मास्तर सगळेच गैरहजर, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तेव्हा बंदुकीबद्दल माझी तक्रार नाही. पण निवृत्त झाल्यावर याच्या डोक्यात आफ्रिका शिरली. बरं, जा. एक बंदूक घे आणि जा. नाही! दोन पाहिजेत. एक जुनी, बापाची, बाराव्या वर्षी हातात आलेली. बिस्किट नावाच्या घोड्याने तिच्या दस्त्यावर पाय दिला होता, तेव्हा सासऱ्यांनी तिथे फिकट लाकडाचा चौकोनी तुकडा बसवला, तो आजही सदऱ्याला लावलेल्या ठिगळासारखा दिसतो. आणि दुसरी नवीन, गेल्या शरदात घेतलेली, वर ही एवढी दुर्बीण. त्या दुर्बिणीतून म्हणे डोंगरापलीकडचं हरीण मिशीसकट दिसतं. आणि समोरच्या टेबलावरचा मिठाचा डबा मात्र "अर्लीन, मीठ कुठाय?"

तर तिकडचा नियम असा, की एका माणसाने एका मापाच्या गोळीची एकच बंदूक आणायची. याच्या दोन्ही एकाच मापाच्या. शहाणा माणूस काय करेल? एक घरी ठेवेल. डेलबर्टने काय केलं? दुसरी माझ्या नावावर केली. माझ्या! माझ्या नावावर आजवर घर नाही, गाडी नाही, ग्रंथालयाचं कार्ड तेवढं आहे, आणि आता एकदम बंदूक. म्हणजे मला जाणं आलंच. बंदुकीबरोबर मालक हवा ना! मला काय वाटलं होतं, म्हातारपणी नवरा बायकोला जग दाखवायला नेतोय. अहो, मी सामान होते सामान!

आता आपल्या सरकारचंही एक असतं. बंदूक परदेशी न्यायची तर आधी कस्टमच्या कचेरीत नेऊन दाखवायची. ते नंबर बघतात, चिठ्ठीवर शिक्का मारतात. का? तर परत येताना कोणी म्हणू नये की ही तिकडे विकत घेतली. डेलबर्टने माझी बंदूक नेली, म्हणजे नवीवाली, तिची चिठ्ठी घेतली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. मी म्हटलं, जुनीची? तर हसला. मला चांगलं आठवतंय, पाय लांब करून बसला होता आणि म्हणाला, "माझ्या बापाची बंदूक माझी आहे हे कोणाला सांगायला पाहिजे? सगळ्या तालुक्याला माहीत आहे. तुझी गोष्ट वेगळी. बाईच्या हातात बंदूक बघितली की ते हजार प्रश्न विचारणार."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

मग सुरू झाली माझी शाळा. मी चॉप्स तळतेय आणि हा मागून विचारतोय, नंबर काय? कंपनी कुठली? नळी केवढी? चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पाढे पाठ करताना एवढा मार खाल्ला नव्हता मी. झोपेत सुद्धा आकडे म्हणायला लागले. वर पेटीची किल्ली मालकाकडेच पाहिजे म्हणून दोरीत ओवून माझ्या गळ्यात बांधली. कळपातल्या पुढच्या गाईच्या गळ्यात घंटा असते ना, तशी वाजत फिरत होते मी घरभर. बंदूक त्याची आणि वरात माझी!

बिलिंग्सच्या विमानतळावर काउंटरला केल्सी. आपल्या शाळेतली, माझ्या हातचे दालचिनीचे रोल तीन-तीन खायची ती. तिच्यासमोर याने पेट्या उघडल्या, त्याही अशा, की जणू पाळण्यावरचं दुपटं बाजूला करून बाळ दाखवतोय. केल्सीने बिचारीने बंदूक रिकामी असल्याचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि हळूच विचारलं की मिसेस टॅल्कॉट, तुम्हीसुद्धा? मी म्हटलं, बाळा, सही कुठे करायची तेवढं सांग.

पुढे तपासणीत माझी पर्स उलटी केली आणि त्यातून एक फोटो खाली पडला. आता या फोटोचंही सांगितलं पाहिजे. आमचं लग्न नोव्हेंबरातलं. तारीख ठरवली ती पाद्र्याने नाही, मुलीच्या बापाने नाही, एल्क हरणांच्या हंगामाने ठरवली. आणि मधुचंद्र कुठे? डोंगरात, तंबूत, याच्या भावासकट! त्या भावाने काढलेला हा फोटो. मधोमध डेलबर्ट, पायाशी भल्या मोठ्या शिंगांचं एल्क, दोन्ही हातांत छातीशी आडवी धरलेली बंदूक. आणि उजव्या कडेला, नीट बघितलं तर, लाल चौकडीच्या कोटातलं एक कोपर. ते कोपर म्हणजे मी. मधुचंद्राचा एकुलता एक फोटो आणि त्यात नवरी कोपराएवढी! तरी मी तो इतकी वर्षं पर्समध्ये बाळगलाय. दुसरा आहे कुठे? तर डेलबर्टने तो उचलला, बघितला आणि काय म्हणाला? "वा! बंदूक काय सुरेख आलीय."

मी फोटो त्याच्या हातातून घेऊन पर्समध्ये टाकला. किल्ली वाजवत पुढे गेले.

जोहान्सबर्गला पोलिसांच्या टेबलाशी एक ठसठशीत बाई बसलेली. डेलबर्ट माझ्या कानाशी पुटपुटतोय, नंबर आठव, नंबर आठव. तिने नंबर विचारलाच नाही! कागदावरचा नंबर तिने बंदुकीवर स्वतःच वाचून घेतला आणि मला म्हणाली, "माई, तुम्ही काय मारणार?" आता हे कुठे पाठ केलं होतं? मी म्हटलं, समोर येईल ते. तिने माझ्याकडे बघितलं, मग डेलबर्टकडे बघितलं आणि म्हणाली, "मग यांना मागे उभं करा." आणि ठाप्पकन शिक्का. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या अख्ख्या प्रवासात मला समजून घेणारी ती एकच बाई भेटली.

शिकारीचं काय सांगू? आमचा वाटाड्या हेनी, वासराएवढ्या दंडाचा पोरगा, मला "तान्नी, तान्नी" म्हणायचा, त्यांच्यात मावशीला तसं म्हणतात. मी उघड्या गाडीत थर्मास घेऊन बसायची आणि जिराफ, झेब्रे, रानडुकरं सगळी माझ्यासमोरून सहलीला निघाल्यासारखी जायची. डेलबर्ट झुडपात पोटावर. नव्या बंदुकीने, म्हणजे माझ्या, त्याने आफ्रिकेतली किती झाडं जखमी केली त्याचा हिशेब नाही. हेनी सभ्य पोरगा, म्हणायचा, तान्नी, आज वारा होता. वारा कसला, पान हलत नव्हतं! शेवटी जुनी काढली तेव्हा कुठे एक कुडू हरीण पडलं. मग मात्र डेलबर्ट त्या जुनीला रात्री शेकोटीशी मांडीवर घेऊन बसला आणि सारखा म्हणत राहिला, "बाबांनी बघायला पाहिजे होतं." तेवढं मात्र… असो. त्या वेळी मलाही जरा गलबलून आलं, मी नाही कशाला म्हणू?

तर परत येताना आलो अटलांटाला. रात्रभर विमानात बसून पाय भाकरीसारखे फुगलेले, पेट्या ताब्यात घेतल्या, कस्टमला गेलो. अधिकारी प्रुइट म्हणून एक किडकिडीत गृहस्थ, आवाज अगदी मऊ, दातांच्या डॉक्टरसारखा. पेट्यांकडे बघितलंसुद्धा नाही! शेतावर गेला होता का? गुरांजवळ गेला होता का? बूट काढून दाखवा, तिकडच्या गुरांचे रोग मातीतून येतात म्हणे. एवढ्या दोन बंदुका समोर पडल्यात आणि हा माणूस माझ्या बुटाचा तळवा उजेडात धरून बघतोय. मी निघताना दोघांचेही बूट दात घासायच्या ब्रशने घासले होते, म्हणून निभावलं. मग डेलबर्टच्या कोटाच्या खिशातून सुकवलेल्या मांसाची पुडी निघाली. हेनीच्या आईने दिलेली. ती टोपलीत गेली. डेलबर्ट तिच्याकडे असा बघत राहिला, की मी आजारी होते तेव्हा माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

मग बंदुका. माझी चिठ्ठी बघितली, नंबर बघितला, "ठीक आहे मॅडम." झालं! एक प्रश्न नाही! पाठ केलेलं सगळं पोटातल्या पोटात राहिलं. मग ते डेलबर्टकडे वळले. तुमची चिठ्ठी?

डेलबर्ट म्हणाला, ही माझी आहे. ते म्हणाले, असेलही, पण इथून जाताना ती तुमच्याकडे होती याचा पुरावा? खरेदीची पावती? डेलबर्ट म्हणाला, बाराव्या वर्षी बापाने दिली, बाप काय पावती फाडतो? आमच्या तालुक्यात कोणालाही विचारा. प्रुइटसाहेब अगदी मऊपणे म्हणाले की साहेब, हे अटलांटा आहे. पुरावा मिळेपर्यंत बंदूक इथे राहील. आणि तुम्ही जरा त्या पिवळ्या रेघेमागे उभे राहा.

रेघेमागे उभा राहिला हो तो. हा माणूस चर्चमध्येसुद्धा पहिल्या बाकावर बसतो, तो रेघेमागे, हातात टोपी घेऊन. मला आधी काय वाटलं सांगू? खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. बाईला हजार प्रश्न विचारणार होते ना? पण मग त्याचा चेहरा बघितला. नुसता त्या फिकट लाकडाच्या तुकड्याकडे बघतोय, जसं काही कोणी त्याच्या बापालाच आत बसवून ठेवलंय.

मी पर्स उघडली. फोटो काढून टेबलावर ठेवला.

प्रुइटसाहेबांनी चष्मा लावला. ठिगळ फोटोत बघितलं, बंदुकीवर बघितलं. कडेला छापलेला महिना आणि साल बघितलं. मग फोटो डेलबर्टच्या तोंडाशेजारी धरला. फोटोत डोक्यावर हे एवढं दाट केसांचं रान आणि कंबर माझ्या मनगटाएवढी. म्हणाले, "मॅडम, बंदूक ओळखू येते. माणूस येत नाही. हे तेच आहेत का?"

इतकी वर्षं साठलेलं सगळं आलं की नाही माझ्या जिभेवर? मी नाही म्हटलं असतं तर? मी जरा वेळ घेतला. चांगला घेतला. तेवढ्यात साहेब फोटोच्या कडेवर बोट ठेवून विचारतात, "आणि हे कोपर कोणाचं?"

रेघेमागून डेलबर्ट म्हणाला, "कोणतं कोपर?"

ऐकलंत? अडतीस वर्षं! बंदुकीवरचा एकेक ओरखडा पाठ आहे या माणसाला.

मी म्हटलं, "साहेब, कोपर माझं आहे. आणि ज्याला ते अजून दिसलं नाही तो माझा नवरा. दुसरा कोण असणार? बंदूक त्याचीच, द्या त्याला."

प्रुइटसाहेब हसले नाहीत, पण चष्मा पुसायला त्यांना फार वेळ लागला. मग म्हणाले, फोटो बंदुकीबरोबर ठेवत चला.

झालं! हे वाक्य मात्र डेलबर्टने शिरसावंद्य मानलं. आता तो जिथे जाईल तिथे माझा फोटो बरोबर नेतो. गावातल्या बायका मला म्हणतात, अर्लीन, भाग्यवान गं तू, या वयात नवरा फोटो बाळगतो. बाळगतो ना! बंदुकीच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दस्त्याशेजारी. आणि माझी पर्स रिकामी.

आणि काल काय झालं ऐका. अंगणात नवी बंदूक छातीशी आडवी धरून उभा, शेजारच्याच्या हातात कॅमेरा. म्हटलं, आता हे काय? तर म्हणतो, ही चिठ्ठीवर तुझ्या नावावर आहे, पण आहे माझी, त्याचाही पुरावा नको का? मी आत जायला वळले तर मागून हाक, अशी प्रेमाची, की लग्नाआधी सुद्धा कधी मारली नव्हती. "अर्लीन, जाऊ नकोस. इकडे ये, या कडेला उभी राहा. जास्त आत नको… हां, बस. कोपर तेवढं येऊ दे, कस्टमवाले तेच बघतात."

आणि मी राहिले हो उभी. काय करणार? बंदूक त्याची… कोपर माझं.