न पटलेल्या ओळीला चटका

भाभी, शबाना बेटा, आणि जमलेल्या माझ्या सगळ्या माणसांनो,

हा माईक सलीमभाईंनीच दुरुस्त केलेला आहे. भिंतीवरची तासाची घंटाही त्यांनीच बसवलेली. त्यामुळं आवाज नीट येईल. शोकसभेत बोलायची मात्र मला सवय नाही. सांभाळून घ्या.

क्लासच्या याच हॉलमध्ये मी पोरांना फिजिक्स शिकवतो, आणि उरलेल्या वेळात विज्ञानकथा लिहितो. यंत्र आपल्याच मालकावर उलटतं, तसल्या थरारक. छापायला जाण्याआधी प्रत्येक कथा सलीमभाईंच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जायची. ते हातात सोल्डरिंग आयर्न धरून वाचायचे. जी ओळ पटली नाही, तिच्या शेजारी गरम टोक टेकवायचे. एक तपकिरी चटका. दुसरा शेरा नाही.

पहिल्या कथेची पार चाळण झाली होती. तिच्यात क्लासचा कॉम्प्युटर संचालकांना कोंडून मारतो. आमचे संचालक समोरच बसलेत, माफ करा साहेब. सलीमभाई म्हणाले, "सर, लातुरात दुपारभर लाईट नसती. तुमचं मशीन खून करणार कवा?"

मी चिडलो. लई चिडलो. आठ दिवस दुकानाकडं फिरकलो नाही. मग गेलो, कारण त्यांचं बरोबर होतं.

विचारलं, "मग यंत्र उलटलं हे वाचणाऱ्याला पटणार तरी कसं?" त्यांनी डावा पाय पुढं केला. त्यांचं लंगडणं आपण सगळ्यांनी बघितलंय. पण त्यामागची हकीकत किती जणांना ठाऊक आहे?

भूकंपानंतर सारखे हादरे बसत होते. तेव्हा सलीमभाईंनी घरात एक घंटा बनवली. तारेला वजन टांगलेलं, भोवती कडं. वजन हलून कड्याला टेकलं की घंटा वाजणार. पण ती रस्त्यावरून ट्रक गेला तरी वाजायची, आणि अम्मी दचकून बाहेर पळायच्या. चार दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. एका दुपारी सलीमभाईंनी घंटेची वायर काढली. अम्मी गाढ झोपल्या. तासाभरात हादरा बसला. अम्मीला उचलून बाहेर काढताना कपाट पायावर आलं.

मी म्हणालो, "म्हणजे यंत्रानंच दगा दिला की!"

"न्हाई सर. मशीन बिचारं जागंच होतं. वायर मी काढली, अम्मीला झोप लागावी म्हून. तुमच्या गोष्टीत वायर कोण काढलं ते सांगा. लोकं मानतेत मग."

त्या दिवसापासून मी प्रत्येक कथेला एवढंच विचारत आलो. वायर कोणी काढली? कुणाच्या मायेपोटी काढली?

सलीमभाई शेवटचं दवाखान्यात गेले, तेव्हा माझी नवी कादंबरी त्यांच्याकडं होती. काल शबानानं ती परत आणून दिली. मी एकेक पान उजेडाला धरलं. चटका नाही. पुढं नाही. त्याच्याही पुढं नाही. वाटलं, वाचलीच नाही त्यांनी. आणि शेवटाकडं एक सापडला. एकच. खालची दोन पानंही जळाली होती.

त्या पानावर मी सलीमभाईंनाच आणलं होतं. नाव वेगळं, माणूस तोच. म्हातारी आई विनवते, तरी तो वायर काढत नाही. घंटा वाजते, सगळे वाचतात, त्याचा पाय धड राहतो.

सलीमभाई, मला तुमचा पाय वाचवायचा होता हो! तुम्हाला नाही पटलं. कसं पटेल? पुन्हा तीच दुपार आली असती, तरी तुम्ही वायर काढलीच असती.

ती ओळ मी बदलली. आज सकाळी बदलली. आता ती जमली का, कुणाला विचारू? मला तुमचा चटका पाहिजे. कितीही द्या. सगळं पान जाळा.

मंडळी, आता दोन मिनिटं उभे राहू या. मधेच तासाची घंटा होईल म्हणून कुणी बिचकू नका. मी तिची वायर काढून आलोय.

झोपा, सलीमभाई.