बिनमिठाचं जेवण

—तो कागद आधी फायलीत ठेवा, चहा सांडेल त्याच्यावर. चष्मा आत राहिलाय माझा, आणि वाचल्याशिवाय कशावर सही करायची नाही हे तुमच्या साहेबांनीच शिकवलंय मला. बसा हो. असे खुर्चीच्या कडेला टेकू नका, कोणी उठवणार नाही तुम्हाला. तर काय म्हणालात — विमानतळाजवळच्या त्या छावणीत एक बाई आहे, आश्रय मागतेय, आणि अर्जात 'या देशातील परिचित व्यक्ती' असा रकाना आहे तिथे तिनं एकच नाव लिहिलंय. माझं. यांचं नाही हं, माझं, वर माहेरचं आडनावसुद्धा. मी ओळखते म्हटलं तर ती राहणार, नाही म्हटलं तर गुरुवारी परत पाठवणार, आणि परत गेली की ते लोक तिला विमानाच्या पायरीवरच उचलणार. एवढंच ना? मग घाई कसली. तुमचे साहेब सहाच्या आत येत नाहीत.

परवाचं भाषण वाचलंत ना यांचं? वाचलं असणारच, तुमच्याच खोलीत टाईप झालं असेल. 'खरी माहिती तिजोरीत नसते, जेवणाच्या टेबलावर असते.' काय टाळ्या! पहिल्या पानावर फोटो — हात असा वर केलेला, जणू टेबल यांनीच मांडलं होतं. अहो, परराष्ट्र खात्यात होते तेव्हा यांना जेवणाच्या टेबलावर काय मिळायचं ते मला विचारा. काही नाही! कारण हे स्वतःच बोलायचे. पाहुण्याला घास गिळायची सवड नाही, यांची टकळी चालू — टेनिस, हवामान, ह्या राजदूताचं असं, त्या राजदूताचं तसं. पाहुणे गेले, दार लागलं, की मग आठवायचं, अरे, आपल्याला काहीतरी विचारायचं होतं. मग रिपोर्ट काय लिहिणार? सकाळचं वर्तमानपत्र पुढ्यात घ्यायचं, वर 'विश्वसनीय सूत्रांकडून समजते' एवढं चिकटवायचं, झाला रिपोर्ट. खात्यात यांना नाव पडलं होतं — 'कालचा पेपर'. माहीत नव्हतं? आता कोण सांगणार तुम्हाला, आता सगळ्यांची पाचावर धारण बसते यांच्यासमोर.

मिळायचं ते मला. म्हणजे माझ्या जेवणवहीला. जेवणवही म्हणजे — पहिल्या पोस्टिंगवर राजदूतांच्या बायकोनं आम्हा सगळ्या नव्या बायकांना समोर बसवून शिकवलं होतं, की घरी पाहुणे बोलावले की वही ठेवायची. कोण आलं, कोण कोणाशेजारी बसलं, काय वाढलं, कोणी काय ताटात टाकलं, कोणाचं कोणाशी वाकडं आहे. कशासाठी? तर एका माणसाला तोच पदार्थ लागोपाठ दोनदा जाऊ नये, आणि दोन वैरी शेजारीशेजारी बसू नयेत. बस. स्वयंपाकघरातली वही! ह्याला मासे चालत नाहीत, त्याचं कांद्यानं डोकं दुखतं, हिचा मुलगा नापास झालाय तेव्हा शाळेचा विषय नको — असलं सगळं. अकरा वह्या भरल्या मी. आणि हे दर शनिवारी सकाळी कपाटातून माझी वही काढून चाळायचे. 'मागच्या वेळी काय केलं होतंस ते बघतो.' बघतो म्हणे! ज्या माणसाला अंडं उकडता येत नाही तो सूप कुठलं होतं ते बघायचा. आयत्या बिळावर नागोबा.

हं, तर ती बाई. ओळखते का, म्हणे! आमचं तिसरं पोस्टिंग, थंड गाव, दुपारी चारलाच दिवे लावायचे. लेक सात वर्षांची. शाळेच्या फाटकाशी ती उभी असायची — घरी दोन ड्रायव्हर असून स्वतः यायची मुलीला न्यायला — आणि कोटाच्या खिशात कायम बदाम, अक्रोड, दिसेल त्या पोराच्या हातावर ठेवायची. मी तिला खारूताई म्हणायचे. अर्थ सांगितला तेव्हा एवढी हसली की फाटकावरचा पहारेकरी वळून बघायला लागला. नवरा मंत्री. साधासुधा नाही, तिथल्या म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्षांचा उजवा हात, त्याच्या सहीशिवाय पान हलायचं नाही. पण तिला त्याचं काही नव्हतं हो. आमच्या लेकीला गोवर निघाला, हे कुठल्याशा परिषदेला गेलेले, तर ही बाई तीन दिवस माझ्या घरी येऊन राहिली. मंत्र्याची बायको, माझ्या लेकीच्या उलट्या पुसत होती. माझ्या सख्ख्या बहिणीनं नसतं केलं. म्हणजे केलं असतं, पण जन्मभर ऐकवलं असतं.

एकदा शाळेतून थेट माझ्या स्वयंपाकघरात आली. कोट न काढता ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, शुक्रवारी तुमच्याकडे जेवण आहे ना, माझ्या नवऱ्याला मीठ चालत नाही. कणभरसुद्धा नाही. मूत्रपिंडं गेलीत. डॉक्टर सहा महिने म्हणतात, पुढच्या महिन्यात गुपचूप परदेशी न्यायचंय. हे त्या दुसऱ्याला कळलं — दुसरा म्हणजे त्यांचा गृहमंत्री, टपूनच बसलेला — तर आमची धडगत नाही. बाहेर कुठे गेलं की हा नुसतं ताट चिवडतो, लोक बघायला लागलेत. एकदा तरी चारचौघांत पोटभर जेवलेला दिसू दे. माझे हात धरले होते तिनं, असे, दोन्ही. मग मी काय केलं माहितीये? त्याचं एकट्याचं वेगळं वाढलं तर दिसणार ना — म्हणून अख्ख्या टेबलाला बिनमिठाचं वाढलं. चौदा माणसं! सूप अळणी, मासा अळणी, बटाटे अळणी, मीठदाण्या उचलून कपाटात. आणि चौदाच्या चौदा मुत्सद्दी हो, एकानं तोंड वाकडं केलं नाही. 'अप्रतिम!' एकजण तर म्हणाला, बऱ्याच दिवसांनी माशाची खरी चव कळली. आमचे हेच ते. मंत्र्यानं दोनदा मासा मागून घेतला, आणि ती टेबलाच्या त्या टोकावरून माझ्याकडे बघत होती. तसं माझ्याकडे आयुष्यात कोणी बघितलेलं नाही.

मंगळवारी यांची तार गेली. 'मंत्रिमहोदयांच्या अत्यंत निकटच्या वर्तुळातून' — मूत्रपिंडं, सहा महिने, परदेशी इलाज, सगळं त्यात. आमच्या सरकारनं काय केलं? मरणाऱ्याशी कशाला करार करायचा, म्हणून त्या दुसऱ्याशी बोलणी सुरू केली, आणि बोलता बोलता बातमीही देऊन टाकली, नजराणा म्हणून. मंत्री तिकडे दवाखान्यात पोचला आणि इकडे त्याच्या खुर्चीत दुसरा. घराला सील. तो तिकडेच गेला. हिला शेवटचं तोंड बघू दिलं नाही, उलट देशद्रोहाचा खटला — आजार लपवला तो देशद्रोह! — चार वर्षं आत. नंतर एका खोलीत, दर सोमवारी चौकीवर हजेरी. मुलगी — अर्जात मुलीचं नाव आहे का हो? नाही ना. मग झालं. विचारत नाही. आणि इकडे? कालचा पेपर दोन वर्षांत राजदूत झाला. मग मोठ्या राजधानीत, मग सल्लागार, आणि मग हे तुमचं गुप्तवार्ता खातं, थेट प्रमुख. नेमणुकीच्या पत्रात लिहिलंय, 'माणसे वाचण्याची विलक्षण हातोटी.' माणसं कसली वाचतात, माझी वही वाचली!

किळस येते मला. खरंच सांगते, समोर बसून जेवतात ना, तेव्हा मी भिंतीकडे बघते. आता बोलत नाहीत, तेवढं शिकले. आता ऐकतात. मान अशी तिरकी करून, घास गालात धरून. मी दुपारी बहिणीशी फोनवर बोलले की संध्याकाळी विचारणार, 'बहीण काय म्हणतेय?' — आणि आवाजावरून कळतं की काय म्हणतेय ते यांना माहीत आहे. लेकीच्या पत्राचं पाकीट माझ्या हातात येतं तेच सैल होऊन. दूधवाल्याचा मेहुणा कुठल्या पक्षात आहे ते यांना ठाऊक, लेकीचा वाढदिवस मात्र मला सांगावा लागतो. मैत्रिणी येत नाहीत माझ्या. आलीच एखादी तर मीच तिला हवामानाच्या पुढे जाऊ देत नाही, बाई, नको बोलूस, ह्या घरात काही बोलू नकोस. कानाला खडा लावलाय. वहीसुद्धा बंद केली, त्या शुक्रवारनंतर एक ओळ लिहिली नाही. ते शेवटचं पान. ते तेव्हाच फाडून चुलीत घातलं असतं तर — तर ते सोडून चांगलं यांच्या चहाच्या कपाशेजारी, त्या पानात फीत घालून —

काय? फीत हो. वहीला असते ना खुणेची फीत, ती. असेल त्या पानात, कुठल्यातरी पानात असतेच की. असे बघू नका माझ्याकडे. बघणं तुमचा धंदा आहे, मान्य, पण माझ्या घरात नको.

बरं. घातली होती. मीच. दर शनिवारी हे वही कपाटातून काढायचे, त्या शनिवारी मी आणून ठेवली. त्याच आठवड्यात यांच्या बदलीचं पत्र आलं होतं. एक बेट. शाळा नाही, दवाखाना नाही, महिन्यातून एक जहाज. ज्यांच्याकडून काही व्हायचं नाही त्यांना पाठवतात तिकडे. आणि यांच्या हाताखालचा तो — त्याला बढती! त्याची बायको राजदूतीण होणार आणि मला आपली शिष्टाचाराची पत्रं पाठवणार! लेकीच्या शाळेसाठी केलं, असं मी स्वतःला सांगत आले इतकी वर्षं. खोटं कशाला बोलू, लेक नंतर आठवली. आधी ती बायकोच आठवली. आणि मला हे सांगा, जेवणवहीत 'मंत्री — मीठ नाही' एवढं लिहिलं की पुरतं ना? स्वयंपाकाला रोगाचं नाव कशाला लागतं? किती महिने उरलेत ते कशाला लागतं? मी लिहिलं. सावकाश, सुटं सुटं लिहिलं, कारण यांना माझं अक्षर लागत नाही. बावीस वर्षं झाली, यावर आमच्यात एक शब्द नाही. हे समजतात आपण चोरलं. समजू दे. चोराची बायको म्हणवून घेणं त्या मानानं सोपं असतं.

द्या तो कागद. चष्मा? हा काय, गळ्यातच आहे. केव्हाचा. बघू — अहो, हे तर भरलेलंच आहे! 'सदर महिलेशी परिचय असल्याचे स्मरत नाही.' वा! ओळखत नाही असं नाही हं, ते खोटं ठरेल उद्या. स्मरत नाही. उद्या कोणी खोदून काढलंच तर आता स्मरलं म्हणायची सोय. हे वाक्य तुमच्या टायपिस्टचं नव्हे, हे यांचंच, मी झोपेत ओळखेन. म्हणजे तुम्ही मला विचारायला आलाच नव्हतात. नुसती सही न्यायला आलात. आणि मी मूर्ख, तुम्हाला चहा करून दिला.

एक रेघ मारायची ह्याच्यावर आणि वर लिहायचं, 'ओळखते'. चार अक्षरं. पेन द्या. नाही, थांबा — ओळखते म्हटलं की ती कुठे येणार? माझ्या नावावर सुटणार म्हणजे पहिली इथेच येणार. दारात उभी राहणार, आणि माझे हात धरणार. उपकार मानेल हो माझे! तिला माहीत नाही. तिच्या घरातलं कोणीतरी फितूर झालं असं वाटत असणार तिला, नाहीतर त्या रकान्यात माझं नाव लिहिलं असतं का? मग एक दिवस तिला कळेल. किंवा कळणार नाही, आणि ती रोज माझ्याकडे बघेल, त्या शुक्रवारी बघितलं तसं. तुम्ही सांगा, ह्यातलं कुठलं सोसेन मी? तुम्ही कशाला सांगाल. तुम्हाला पगार गप्प बसण्याचा.

कुठे, इथे? ह्या रेघेवर?

झालं. बघा, सही किती सरळ आली. जे ऐकलंत ते लिहा नाहीतर नका लिहू, मला काही फरक पडत नाही, साहेबांना वाचू दे एकदाचं. गुरुवारी किती वाजता विमान आहे तिचं — नको. सांगू नका. कप राहू द्या तिथेच, मी उचलते. या तुम्ही आता.