विड्यावरचा रुपया

वसईच्या स्टँडवर वटारची बस यायला अवकाश होता. ओवी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती, पण कान मागच्या बाकावरच्या काका-काकूंकडे होते.

"भिंगातून बघ. रुपयावरच्या राजाच्या झग्यावर काय दिसतं?"

"हत्ती."

"सोंड कुठेय? कोरणाऱ्याने एवढी आखूड कोरली, की लोकांना ते डुक्कर वाटलं. बोंबाबोंब झाली, सरकारने रुपये परत घेऊन वितळवले. म्हणून एकोणीसशे अकराचा हा रुपया दुर्मीळ. आणि निघाला कुठे, तर आपल्याच देवघरात!"

"अहो, ह्यावर हत्ती आहे म्हणून तर चाळीस वर्षं मी हाच गणपतीच्या विड्यावर ठेवतेय!"

"म्हणजे चाळीस वर्षं डुक्कर ठेवतेस. यंदा हा माझ्या अल्बममध्ये जाणार."

"आणि विड्यावर?"

"दहाचं नाणं ठेव."

"त्यावर हत्ती नाही."

"अगं, ह्यावरही नाही!"

"तुम्हाला नाही दिसत. गणपतीला दिसतो."

ओवीने हळूच वळून पाहिलं. काका रुपया रुमालात गुंडाळून काकूंच्या हातात देत होते.

"बरं बाई, ठेव. पण चिंचेने घासू नकोस. सोंड नाहीच, निदान कान तरी राहू देत."