एकटा सारस

फागुन लागला होता, तरी त्या सकाळी तलावावर पातळ धुकं होतं अन् हवेत चांगलाच गारठा होता. आमची बुढी आठ दिवसांपासून केशोरीले आमच्या लेकीकडे गेली होती, म्हणून भाजीसाठी कमळाचे ढेस, चिखलातले देठ, काढायले मीच पाण्यात उतरलो. अंगात राखाडी स्वेटर, डोक्याले लाल दुपट्टा, धोतर मांडीपर्यंत खोचलेलं. वाकून चिखलात हात घातला, तं तलावाच्या काठाच्या पाळीवरून आवाज आला, "कोणी हलू नका. सारस आहे."

काखेखालून पाहिलं, तं शेजारचा सुखराम गोंदियाच्या नवरा-बायकोले घेऊन उभा. दोघांच्या डोळ्यांले दुर्बिणी. तिसऱ्यांदा आले होते बिचारे, सारस काही दिसला नव्हता. मले वाटलं, पक्षी माझ्या मागंच असंल. आपण हललो तं उडून जाईल. मी तसाच वाकून राहिलो. कंबर भरून आली, पण हललो नाही.

"एकटाच आहे हो," बाई म्हणाली. "सारस तर जोडीनं राहतात. याची मादी गेली असेल."

"म्हणूनच काही खात नाहीये," नवरा म्हणाला.

मलेही वाईट वाटलं. बिचाऱ्याले एकदा पाहावं म्हणून हळूच मान वळवली. मागं कोणीच नव्हतं. तेवढ्यात मले जोराची शिंक आली.

दोन्ही दुर्बिणी खाली आल्या. सुखराम पोट धरून पाळीवर बसला अन् म्हणाला, "काकाजी, आजच केशोरीची बस पकडा अन् काकीले घेऊन या. तुमची जोडी फुटली म्हणून ही बाई रडून राहिली."