गोपाळरावांचा नाश्तात्याग

"सकाळचा नाश्ता सोडणं ही वजन उतरवण्याची एकमेव तपश्चर्या आहे," असं गोपाळराव लाखनीच्या दवाखान्यात अख्ख्या रांगेला सांगत होते. मागे उभ्या असलेल्या हेमराजला ते जवळजवळ पटलंच होतं. तेवढ्यात कौशल्याबाईंनी नवऱ्याची बाही धरली.

"हे लाल काय लागलं जी?"

"पान असन."

"पानात चना असते का? पोह्यावरची तर्री आहे हे!"

"हळू बोल, लोकं पाहून राहिले."

"पाहू द्या! फिरायले जातो म्हणता, अन् हायवेवर पोहे हाणून राहिले? नाश्ता सोडून दोन महिने झाले म्हणे!"

"चार लोकं बसतात वं. नाही म्हणणं बरं दिसते का?"

"अन् मी?"

"तुहं काय?"

"नवऱ्याच्या आधी खायचं नाही, हे तुमच्या मायनंच शिकवलं ना मले? तुम्ही जेवता एक वाजता. तवरिक धानाच्या बांधीत निंदण करा लागते, नुसत्या चहावर. काल तिथंच चक्कर येऊन पडली मी."

"मंग खाऊन घ्यायचं होतं. तुले कोणं अडवलं?"

"कोणं? परवा मूठभर मुरमुरे तोंडात टाकले, तं काय म्हटलं तुम्ही? 'मी उपाशी, अन् तुह्या घशाखाली उतरते कसं?' उतरलं नाही जी. थुकून टाकले मी!"

"आता काटा आला. चूप राहा."

नर्सनं आधी गोपाळरावांना काट्यावर उभं केलं. ते दोन किलोंनी वाढून ब्याण्णव झाले होते.

कौशल्याबाई एकेचाळीस भरल्या.