आठ फोटोंची वाडी

(वाडीतला अझरुद्दीनचा फोटो स्टुडिओ. तो आणि बहीण शिरीन कॉम्प्युटरसमोर.)

अझरुद्दीन : पुण्यातला दुकानदार काय येडा हाय का? ग्राफिक्स कार्ड घाला म्हणाला, फोटो पळतील.

शिरीन : भाई, आपल्याला फोटो पळवायचे नाहीत, जोडायचेत. ते कार्ड गेमवाल्यांसाठी, त्यात गाड्या पळतात. आपली वाडी एका जागी उभी आहे.

अझरुद्दीन : मग फोटो म्हंजी ग्राफिक्स न्हाई तर काय?

शिरीन : नाव सोड. हा लाल दिवा बघ. सकाळपासून लुकलुकतोय. एकदा तरी विझला?

अझरुद्दीन : काम करतोय बिचारा.

शिरीन : काम कसलं, हेलपाटे घालतोय. असं समज, हार्ड डिस्क म्हणजे कपाट आणि रॅम म्हणजे टेबल. फोटो जोडायचे तर टेबलावर मांडावे लागतात ना? आपलं टेबल पाटाएवढं. दोन मावतात. तिसरा घ्यायचा की पहिला कपाटात ठेव, तो हवा झाला की दुसरा ठेवून त्याला काढ. हा दिवा म्हणजे त्या कपाटाची उघडझाप.

अझरुद्दीन : आन् आपल्याला आठ जोडायच्यात.

शिरीन : आठ. पाचव्यालाच गाडं बंद पडतं.

अझरुद्दीन : मग प्रोसेसरच नवा घेऊ की. पेंटियम फोर, त्यातला भारीतला.

शिरीन : हात कितीही चपळ असू दे, मांडायला जागा नको?

अझरुद्दीन : येकच वस्तू आणता येईल, शिरीन. चुकली तर रविवारी पोपटराव सरपंच समाजमंदिरात मोकळी फ्रेम टांगतील. लग्नाचे फोटो कुणीबी काढतंय. अख्खी वाडी येका फोटोत दाखवतो, असं मी चारचौघांत बोलून बसलोय. शाळेच्या मैदानावर सगळ्यांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, उन्हात उभं करून आठ तुकड्यांत फोटो काढलाय.

शिरीन : म्हणून तर सांगते, रॅम आण. पाचशे बारा एमबीची पट्टी. जुनी काढून सोबत ने आणि खाच जुळवून घे.

अझरुद्दीन : आन् न्हाई जोडला तर?

शिरीन : तर मी कॉम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट दौंडला परत देऊन येते.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच स्टुडिओत. कॉम्प्युटरचं झाकण काढलेलं आहे.)

शिरीन : आधी पत्र्याला हात लाव. अंगातली वीज जाऊ दे.

अझरुद्दीन : दोन तास एसटीत उभा राहून आलोय. माझ्या अंगात कुठली वीज?

शिरीन : लाव रे. हां. आता दाब. अजून. खट् वाजायला हवं.

अझरुद्दीन : तुटंल की!

शिरीन : नाही तुटत. बघ, बसली. चालू कर.

अझरुद्दीन : या अल्ला. बीप वाजली.

शिरीन : एकच वाजली ना? मग ठीक. आता एकेक उघडते. पहिला... दुसरा... तिसरा...

अझरुद्दीन : दिवा गं?

शिरीन : फोटो उघडताना तेवढा पेटतोय, लगेच विझतोय. हा पाचवा गेला, भाई. सहावा.

अझरुद्दीन : हळू बोल. दृष्ट लागंल त्याला.

शिरीन : आठवा. जोडते आता... बघ.

अझरुद्दीन : शाळेच्या छतावरनं मी बघितले ते तुकडे होते गं. ही तर वाडी हाय. हितनं पार तितपर्यंत. सरकव जरा... कशी सरकतीय, पाण्यासारखी! मोठं कर. अजून. गीताबाईच्या कडेवरचं पोर जांभई देतंय! मी काढला फोटो, आन् मलाच दिसलं न्हाई.

शिरीन : मलाही नाही. आजवर तुकडे बघत होते. आता... भाई, थांब. हे डावं टोक. मारुतरावांशेजारी कोण?

अझरुद्दीन : कुशाआज्जी. त्यांची आईच त्या. ह्या सहा महिन्यांत थोरल्या लेकाकडं, मारुतरावांकडंच असत्यात.

शिरीन : आता उजवं टोक बघ. त्यांच्या धाकट्या लेकाशेजारी, ज्ञानेशदादाशेजारी कोण?

अझरुद्दीन : ...त्याबी कुशाआज्जीच. तेच हिरवं लुगडं. बघ, पट्टी खराब दिली त्या भाड्या दुकानदारानं! माणसं दोनदा दाखवतीय.

शिरीन : पट्टीनं नाही केलं. पाचव्या फोटोनंतर तू काय केलंस?

अझरुद्दीन : कॅमेऱ्याचे सेल संपले. खाली उतरलो, नवे घातले, परत शिडी... तेवढ्यात गेल्या व्हय?

शिरीन : रांगेच्या मागनं. म्हणून मधे कुठंच दिसत नाहीत.

अझरुद्दीन : आता गं? वाटणी झाल्यापासनं भाऊ-भाऊ बोलत न्हाईत, मुद्दाम दोन टोकांना उभे राहिले. येका आज्जीला पुसायला पायजे. आन् ज्याच्याकडची पुसंल, तो माझ्या दारात येणार.

शिरीन : तुझी तू ठरवू नकोस. त्यांनाच विचार. समोर गिरणीवर बसल्यात. आज्जी! ओ कुशाआज्जी! जरा आत या.

कुशाबाई : काय गं पोरी? दळणाचा लंबर जाईल माजा. फोटू झाला व्हय रं, अझर?

अझरुद्दीन : झाला, आज्जी. बसा. हितं बघा.

कुशाबाई : आगं बाई, बाई, बाई! येवढी मान्सं ह्या डब्यात मावली? ही रंगू. ह्यो पोपट, पोट आत वढून हुबा हाय बग. ही साखर. समदी हायती की रं! आन् मारुतीच्या कडंची ही म्हातारी कोन?

शिरीन : तुम्ही, आज्जी.

कुशाबाई : मी? येवढी वाकले व्हय गं मी?

शिरीन : आणि इकडं बघा. ज्ञानेशदादाशेजारी. ह्याही तुम्हीच.

कुशाबाई : ...दोगी बी मीच?

अझरुद्दीन : राग मानू नका, आज्जी. पर येक माणूस येका फोटोत दोनदा म्हंजी... येकीला पुसावं लागंल. कुठली ठेवू, तुम्ही सांगा.

कुशाबाई : पुसलेली कुटं जाती?

शिरीन : कुठंच नाही. तिच्या जागी मागची शाळेची भिंत येते.

कुशाबाई : म्हंजी लेकाच्या शेजारी भिंत.

अझरुद्दीन : थोरल्याकडची ठेवू का? तसा रिवाज...

कुशाबाई : वाटनीच्या टायमाला ह्ये मला कुनी इचारलं न्हाई, बाबा. सा म्हैनं हितं, सा म्हैनं तितं, परस्पर ठरवलं. येकाकडं भाकर खाताना दुसऱ्याची याद आली, तर त्योंडातनं काडायची चोरी. आन् ह्यात बग. येकाच उनात, दोगांच्या शेजारी. मला सोताला ठावं नव्हतं रं, आसं बी दिसतंय म्हून. तिला हात लावू नगंस. हिला बी न्हाई.

अझरुद्दीन : रविवारी दोघंबी येणार फोटो बघायला.

कुशाबाई : यिऊ देत.

अझरुद्दीन : आन् मला विचारलं, आई हितंबी कशी आन् तितंबी कशी? काय सांगू मी?

कुशाबाई : सांग, चालत गेली. लांब न्हाई.